सस्तन प्राण्यांसाठीची अँटिबॉडी कोंबडीच्या मेंदूवर: रंग आला, पण तो कशाचा?

पिंपळपान

नमस्कार. मी पक्ष्यांच्या मेंदूवर पीएच.डी.चे काम करते. कोंबडीच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूच्या तळाकडील भागात) व्हासोटोसिन, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या व्हासोप्रेसिन या संप्रेरकाचे पक्ष्यांतील रूप, तयार करणाऱ्या चेतापेशी कोठे आणि किती आहेत, हे पाहणे हा त्यातला एक भाग आहे. व्हासोटोसिनची अँटिबॉडी (ठरावीक रेणूला धरणारे प्रथिन; ते जेथे चिकटते तेथे रंग आणता येतो) वेळेत आणि परवडेल अशा दरात मिळाली नाही, म्हणून सशात तयार केलेली व्हासोप्रेसिनची पॉलिक्लोनल (म्हणजे अनेक अँटिबॉडींचे मिश्रण असलेली) अँटिबॉडी मागवली. माहितीपत्रकावर 'माणूस, रॅट, माउस' एवढेच लिहिले आहे. पक्ष्यांचा उल्लेख नाही.

स्लाइड सुरेख आल्या आहेत. तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) दोन्ही कडांना मोठ्या पेशी गडद तपकिरी दिसतात, पेशीचे केंद्रक स्वच्छ राहिले आहे, आणि बारीक मण्यांच्या माळेसारखे चेतातंतू खाली पिट्यूटरीच्या दिशेने जाताना दिसतात. पेशी अपेक्षित जागी आहेत, त्यामुळे आम्ही निबंध पाठवला. परीक्षकाने एकच प्रश्न विचारला आहे: ही अँटिबॉडी कोंबडीच्या ऊतीत व्हासोटोसिनच ओळखते आणि दुसरे काही ओळखत नाही, याचा पुरावा काय?

योग्य जागी रंग येणे हा पुरावा मानता येईल का? नसेल, तर एका लहान प्रयोगशाळेला झेपतील अशा कोणत्या चाचण्या कराव्यात? या क्षेत्रातील सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काचपट्टी

परीक्षकाचा प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्या उदाहरणात तर तो अटळ आहे. प्रयोगाला हात लावण्यापूर्वी अमायनो आम्लांचा क्रम कागदावर मांडून पाहा, कारण निम्मे उत्तर तेथेच आहे.

ही सगळी संप्रेरके नऊ अमायनो आम्लांची आहेत. पहिल्या सहांचे एक कडे असते आणि उरलेल्या तिघांची शेपटी. सस्तन प्राण्यांच्या व्हासोप्रेसिनमध्ये तिसऱ्या जागी फिनिलअॅलानिन आणि आठव्या जागी आर्जिनिन असते. तुमच्या कोंबडीच्या व्हासोटोसिनमध्ये तिसऱ्या जागी आयसोल्युसिन आणि आठव्या जागी आर्जिनिन आहे. म्हणजे व्हासोटोसिनची शेपटी व्हासोप्रेसिनची आहे, पण कडे मात्र ऑक्सिटोसिनचे आहे. त्यातच कोंबडीमध्ये ऑक्सिटोसिनच्या जागी मेसोटोसिन असते. त्याचे कडेही अगदी तेच, आणि फरक फक्त आठव्या जागी, जेथे आर्जिनिनऐवजी आयसोल्युसिन येते.

आता आपली अँटिबॉडी रेणूचा कोणता भाग पकडते, यावर सगळे ठरते. ती शेपटी पकडत असेल, तर व्हासोटोसिनला धरील आणि मेसोटोसिनला सोडील, म्हणजे तुम्हाला हवे तेच होईल. तिचा काही अंश कड्याच्या समाईक भागाला धरत असेल, तर मेसोटोसिनच्या पेशीही रंगतील. आणि या दोन्ही प्रकारच्या पेशी पक्ष्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे 'अपेक्षित जागी रंग आला' हा युक्तिवाद येथे टिकत नाही. चुकीच्या संप्रेरकाचा रंगही त्याच जागी येणार आहे.

कंपनीला पत्र लिहून एक गोष्ट अवश्य विचारा. एवढा लहान रेणू एकटा टोचून सशात चांगली प्रतिक्रिया मिळत नाही, म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. ती जोडणी कड्याच्या टोकाकडून केली असेल, तर शेपटी मोकळी राहते आणि अँटिबॉडी शेपटीकडे झुकण्याची शक्यता वाढते. वाहक प्रथिन कोणते होते, हेही विचारा, कारण सशाच्या रक्तद्रवात त्या वाहकाविरुद्धच्या अँटिबॉडीही असतात.

परळची_पायरी

मी पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रात आहे. आमच्याकडे हा प्रश्न रोजचाच आहे, कारण बहुतेक अँटिबॉडी माणसासाठी केलेल्या असतात आणि टेबलावर येतो तो कुत्रा, म्हैस किंवा कोंबडी.

कोणती अँटिबॉडी प्रजातीची सीमा ओलांडते, यामागे एक तर्क आहे. लिंफोमामध्ये (लसीका पेशींच्या कर्करोगात) टी-पेशी ओळखण्यासाठी आम्ही सीडी-३ या टी-पेशींवरील प्रथिनाची जी पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरतो, ती माणसाच्या सीडी-३ मधील एका साखळीच्या पेशीच्या आतल्या तुकड्याविरुद्ध केलेली आहे. हा आतला भाग पेशीत संदेश पोचवण्याचे काम करतो आणि उत्क्रांतीत फारसा बदललेला नाही; म्हणून ती कुत्रा, मांजर, घोडा, गाय यांच्यात चालते, आणि पक्ष्यांतही चालते. याउलट सीडी-४ आणि सीडी-८ यांच्या बहुतेक अँटिबॉडी पेशीबाहेरच्या भागाविरुद्ध असतात. तो भाग झपाट्याने बदलतो, आणि माणसासाठीची अँटिबॉडी कुत्र्यावर सहसा निरुपयोगी ठरते. त्यामुळे माहितीपत्रकात प्रजातींची यादी पाहण्याआधी अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध केली आहे, ते पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच प्रजातीची कंट्रोल ऊती, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली तुलनेची ऊती. कोंबडीच्या बाबतीत निसर्गाने आपली फार सोय करून ठेवली आहे. तिच्यात टी-पेशी थायमसमध्ये घडतात आणि बी-पेशी बर्सा ऑफ फॅब्रिशियसमध्ये. दोन अवयव वेगळे, शरीरात दूर दूर. १९५६ मध्ये या बर्साचे रोगप्रतिकारातील कार्य प्रसिद्ध झाले, आणि बी-पेशींमधला 'बी' तेथूनच आला. सीडी-३ ची अँटिबॉडी कोंबडीवर तपासायची असेल, तर एकाच काचेवर थायमसचा आणि बर्साचा छेद शेजारी लावावा. थायमस भरून रंगला पाहिजे, आणि बर्साच्या कळ्यांमध्ये, त्यांच्या मधल्या जागेतील मोजक्या टी-पेशी वगळता, जवळजवळ काहीच दिसता कामा नये. दोन्ही सारखेच तपकिरी झाले, तर ती अँटिबॉडी कोंबडीसाठी बाद समजावी. प्रथिन असायलाच हवे अशी ऊती आणि नसायलाच हवे अशी ऊती, या दोन्ही त्याच प्राण्यातून घेतल्याशिवाय मी कोणत्याही नव्या अँटिबॉडीवर अहवाल देत नाही.

बहिर्गोल_भिंग

एवढ्या खोलात जाण्याची गरज आहे का? ज्याविरुद्ध अँटिबॉडी केली ते पेप्टाइड (अमायनो आम्लांची लहान साखळी) मिसळून अँटिबॉडी आधी निष्प्रभ करावी, त्याच छेदावर लावावी, रंग नाहीसा झाला की विशिष्टता सिद्ध झाली. आमच्या विभागात वर्षानुवर्षे हेच केले जाते, आणि नियतकालिकांनी ते स्वीकारलेलेही आहे.

काचपट्टी

@बहिर्गोल_भिंग, मी याच्याशी सहमत नाही. सेपर आणि सॉचेन्को यांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'मध्ये नेमका हाच समज खोडून काढला होता, आणि त्यानंतर त्या नियतकालिकाने अँटिबॉडींच्या पुराव्याबाबतचे निकष कडक केले.

अडचण अशी आहे. पेप्टाइड मिसळले की अँटिबॉडीच्या पकडीची जागा भरते. आता तीच पकड ऊतीतील एखाद्या दुसऱ्याच प्रथिनाला धरत असेल, तर तो रंगही नाहीसा होईल, कारण पकड मोकळीच उरलेली नाही. म्हणजे या चाचणीने एवढेच कळते की ही अँटिबॉडी हे पेप्टाइड पकडते. ती काचेवर कोणाला धरून बसली होती, हे त्यातून कळत नाही.

सकाळची_पाळी

मी रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. संशोधनातले बारकावे तज्ज्ञांनी सांगावेत. मी काचेवर जे घडते त्याबद्दल लिहितो.

पिंपळपान ताई, तपकिरी रंग डीएबी या रसायनाचा आहे, म्हणजे तो पेरॉक्सिडेज या विकरामुळे येतो, आणि पेरॉक्सिडेजसारखे काम ऊतीत आधीपासूनच चालू असते. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनही तो रंग आणते. माणसाच्या छेदात ही गोष्ट चटकन ओळखू येते, पण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते आणि त्या लंबगोल असतात. परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुऊन काढणे) अपुरे झाले, तर केशवाहिनीत ओळीने बसलेल्या या पेशी नवशिक्याला लहान चेतापेशींसारख्या वाटू शकतात. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडचा टप्पा नीट झाला का, हे पाहण्यासाठी एक छेद कोणत्याही अँटिबॉडीशिवाय थेट डीएबीत टाकावा. त्यात जो रंग येईल तो ऊतीचा स्वतःचा.

प्राथमिक अँटिबॉडी (जी ऊतीतील रेणूला धरते) वगळून केलेला छेद अनेक जण 'निगेटिव्ह कंट्रोल' म्हणून दाखवतात. तो आवश्यक आहे, पण त्यातून फक्त दुय्यम अँटिबॉडीची (जी प्राथमिक अँटिबॉडीला धरून रंग आणते) परीक्षा होते. प्राथमिक अँटिबॉडीबद्दल तो काहीही सांगत नाही. तिच्यासाठी निदान लसीकरणापूर्वीच्या त्याच सशाचा रक्तद्रव, तो नसेल तर सामान्य सशाचा आयजीजी (रक्तातील साध्या अँटिबॉडी), तेवढ्याच प्रमाणात लावून पाहावा.

आणखी एक. अँटिबॉडी पातळ करत जा: हजारास एक, पाच हजारास एक, वीस हजारास एक. खरी पकड सहसा घट्ट असते आणि ती बऱ्याच पातळपणापर्यंत टिकते, तर सैल पकडीचा धुरकट रंग आधी जातो. ही काही सिद्धता नव्हे, पण काम कोणत्या प्रमाणावर करावे हे त्यातून ठरते. अनेक प्रयोगशाळांत पहिल्याच दिवशी ठरलेले प्रमाण पुढे कायम वापरले जाते आणि नव्या प्रजातीवर ते पुन्हा तपासले जात नाही.

उलट दिशेची चूकही लक्षात ठेवावी. केआय-६७ या विभाजित होणाऱ्या पेशींतील प्रथिनासाठी माणसाच्या गाठींवर आम्ही एमआयबी-१ हा क्लोन (एकाच पेशीवंशातून मिळणारी अँटिबॉडी) रोज वापरतो. तो माउसच्या ऊतीवर चालत नाही. माउसची स्लाइड कोरी आली, याचा अर्थ तेथे विभाजित होणाऱ्या पेशी नाहीत असा होत नाही. रंग न येणे हाही पुरावा नसतो, जोपर्यंत ती अँटिबॉडी त्या प्राण्यात चालते हे दाखवलेले नाही.

उत्तरेचा_वारा

मी स्वीडनमध्ये असतो. येथे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले एक काम सांगतो, कारण ते या चर्चेला थेट लागू आहे. ईस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा (ईस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारे प्रथिन) हा स्तनाच्या कर्करोगात महत्त्वाचा मानला जात होता आणि त्यावर पुष्कळ संशोधन झाले होते. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या १३ अँटिबॉडी तपासल्या. जनुक घातलेल्या आणि न घातलेल्या पेशी, ऊतींचे छेद, आरएनएच्या पातळीशी तुलना, अशा अनेक अंगांनी पाहिल्यावर पीपीझेड-०५०६ ही एकच अँटिबॉडी विश्वासार्ह ठरली. तिने मानवी वृषण आणि अंडाशयात हे प्रथिन दाखवले. निरोगी किंवा कर्करोगग्रस्त स्तनाच्या ऊतीत ते दाखवले नाही. इतर अँटिबॉडींवर उभी राहिलेली केवढी तरी निरीक्षणे त्यामुळे प्रश्नांकित झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ही अँटिबॉडी मानवी प्रथिनाविरुद्ध केलेली होती. ती माणसात खरी ठरली म्हणून रॅटमध्येही चालेल असे गृहीत न धरता जपानमधील संशोधकांनी तिची रॅट आणि माउसच्या प्रथिनांवर स्वतंत्र परीक्षा घेतली. प्रत्येक नव्या प्रजातीसाठी हे काम नव्याने करावे लागते.

२०१६ मध्ये उलेन आणि सहकाऱ्यांनी पुराव्याचे पाच मार्ग सुचवले होते: जनुक काढून टाकणे किंवा दडपणे, अँटिबॉडीवर अवलंबून नसलेल्या पद्धतीशी तुलना, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाविरुद्धची दुसरी अँटिबॉडी, खूणचिठ्ठी लावलेले प्रथिन, आणि अँटिबॉडीने पकडलेले प्रथिन वस्तुमान वर्णपटाने ओळखणे. पाचही कोणाकडूनच होत नाहीत. पण कोंबडीसाठी दुसरा आणि तिसरा मार्ग आवाक्यातला आहे.

तळ्याकाठी

पहिला मार्गही अगदीच बंद नाही, असे मला वाटते. रॅटमध्ये व्हासोप्रेसिनसाठी निसर्गानेच नॉकआउट (ते जनुक निकामी असलेला प्राणी) दिलेला आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबोरो येथे १९६१ मध्ये एका वंशातील रॅट अतोनात पाणी पिताना आणि तितकेच मूत्रविसर्जन करताना आढळले. त्यांच्या व्हासोप्रेसिनच्या जनुकात एकच घटक गळालेला आहे, हे १९८४ मध्ये कळले. त्यामुळे हे संप्रेरक त्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये नीट तयार होत नाही, पण ऑक्सिटोसिन मात्र होते. व्हासोप्रेसिनची अँटिबॉडी ब्रॅटलबोरोच्या छेदावर लावली आणि तरीही पेशी ठळक रंगल्या, तर ती ऑक्सिटोसिनला धरते, असा संशय घ्यायला हवा. तुमच्या अँटिबॉडीची अशी परीक्षा कोणी घेतली आहे का, हे जुन्या निबंधांत शोधा. मात्र तो पुरावा रॅटपुरता आहे. कोंबडीच्या बाबतीत तो तुम्हाला अर्ध्या वाटेपर्यंतच नेईल.

मी माशांवर काम करतो. नागपूरला मागूर माशाच्या मेंदूतील न्यूरोपेप्टाइडांवर दीर्घकाळ जे काम झाले, ते वाचत आम्ही शिकलो. माशांमध्ये एक वेगळीच गुंतागुंत आहे. अस्थिमत्स्यांच्या पूर्वजात सगळा जनुकसंच दुप्पट झाला, आणि कित्येक जनुकांच्या दोन दोन प्रती आजही टिकून आहेत. शिवाय काही जनुके त्याहूनही जुन्या दुपटीतून आलेली आहेत. झेब्राफिशमध्ये टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या डोपामिन बनवण्यास लागणाऱ्या विकराची दोन जनुके आहेत, आणि सस्तन प्राण्यांसाठीची प्रचलित अँटिबॉडी त्यातील पहिल्याचे प्रथिन दाखवते, दुसऱ्याचे दाखवत नाही. पूर्वीच्या नकाशांत डोपामिनच्या काही पेशी दिसल्याच नव्हत्या, त्याचे हे एक कारण. तेव्हा अँटिबॉडी खरी असूनही चित्र अपुरे असू शकते.

दुपारची_उन्हे

मी जीवशास्त्रातला नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतो आहे. एक शंका आहे. अँटिबॉडी एवढी बेभरवशाची असेल, तर जनुकाचा आरएनएच थेट शोधून काढता येत नाही का?

तळ्याकाठी

@दुपारची_उन्हे, येतो, आणि शोधावाच. इन सिटू हायब्रिडायझेशनचा (छेदावरच आरएनए शोधण्याच्या पद्धतीचा) प्रोब, म्हणजे त्या आरएनएला जुळणारा तुकडा, कोंबडीच्या स्वतःच्या जनुकक्रमावरून बनवता येतो, म्हणून तेथे प्रजातीचा प्रश्न उरत नाही. शिवाय व्हासोटोसिन आणि मेसोटोसिनच्या जनुकांमध्ये पुरेसे वेगळे पट्टे सापडतात, त्यामुळे नऊ अमायनो आम्लांची कोंडीही फुटते. एका छेदावर प्रोब आणि लगतच्या छेदावर अँटिबॉडी लावून पेशी जुळतात का, हे पाहणे हा माझ्या मते पिंपळपान यांच्यासाठी सर्वांत बळकट पुरावा ठरेल.

पण आरएनए मुख्यतः पेशीच्या मुख्य भागात असतो. संप्रेरक चेतातंतूंमधून दूरवर कोठे पोचते, हे दाखवायला अँटिबॉडीच लागते. म्हणून दोन्ही हवे.

बहिर्गोल_भिंग

काचपट्टी यांचा मुद्दा मला पटला, पण तो या उदाहरणापुरता थोडा सुधारून मांडावा असे वाटते. येथे प्रतिस्पर्धी कोण आहे, ते आपल्याला नेमके माहीत आहे. अशा वेळी त्याच अँटिबॉडीच्या चार नळ्या कराव्यात आणि त्यांत व्हासोप्रेसिन, व्हासोटोसिन, मेसोटोसिन आणि ऑक्सिटोसिन वेगवेगळे मिसळावेत. पहिल्या दोन नळ्यांनी रंग पूर्ण जावा, आणि उरलेल्या दोनांनी तसाच राहावा. मेसोटोसिनच्या नळीने रंग थोडासा जरी उतरला, तरी अँटिबॉडीचा काही अंश कड्याला धरतो हे कळेल. विशिष्टतेची संपूर्ण सिद्धता म्हणून नव्हे, पण ज्ञात नातेवाइकांना वगळण्यासाठी ही चाचणी उपयोगी आहे.

काचपट्टी

हे मान्य आहे. अशा स्वरूपात मी ती चाचणी स्वतः सुचवीन, आणि मेसोटोसिनची मात्रा व्हासोटोसिनपेक्षा कमी ठेवू नये, एवढे त्यात जोडीन.

परळची_पायरी

फिक्सेशनचा, म्हणजे ऊती रसायनाने टिकवण्याचा, विषय राहून गेला. ऊतीत प्रथिने फॉर्माल्डिहाइडने एकमेकांना बांधली जातात आणि त्यांचा आकार बदलतो. १९९१ पासून छेद उकळून हे बंध सैल करण्याची पद्धत रूढ झाली. गोठवलेल्या छेदावर खरी ठरलेली अँटिबॉडी पॅराफिनच्या छेदावर मुकी होते, आणि जास्त उकळल्यावर नको त्या जागीही चिकटते. नव्या प्रजातीसाठी अँटिबॉडी तपासताना फिक्सेशनची वेळ आणि बफरचे पीएच निबंधात लिहिलेच पाहिजे, नाहीतर तुमचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येत नाही.

पिंपळपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या दरम्यान दोन गोष्टी झाल्या. कंपनीचे उत्तर आले: रेणू कड्याच्या टोकाकडून वाहकाला जोडला होता, आणि वाहक थायरोग्लोब्युलिन होते. त्यामुळे आम्ही अँटिबॉडीत थायरोग्लोब्युलिन मिसळूनही एक छेद केला. रंगात फरक पडला नाही.

दुसरे म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर चारही पेप्टाइडांचे ठिपके देऊन, सुकल्यावर त्यांना पॅराफॉर्माल्डिहाइडची वाफ दिली, म्हणजे लहान रेणू धुण्यात वाहून जात नाहीत आणि ऊतीतल्यासारखे बांधलेही जातात. व्हासोप्रेसिन आणि व्हासोटोसिनचे ठिपके गडद आले, ऑक्सिटोसिनचा कोरा राहिला. मेसोटोसिनचा ठिपका सर्वांत जास्त मात्रेला अगदी फिकट दिसतो, आणि त्याने मी अस्वस्थ आहे. प्रोबचे काम शेजारच्या संस्थेत सुरू होईल, पण त्याला वेळ लागेल. तोपर्यंत छेदावरच करता येईल अशी आणखी एखादी चाचणी आहे का?

तळ्याकाठी

आहे, आणि ती तुमच्या पक्ष्यांतच आहे. कोंबड्याच्या मेंदूत स्ट्रिया टर्मिनॅलिसच्या तळकेंद्रकाच्या मधल्या भागात व्हासोटोसिनच्या लहान पेशींचा एक गट असतो. वयात आलेल्या कोंबडीत त्या जागी तो दिसत नाही. लावा पक्ष्यातही असाच फरक आहे, आणि तेथे तो टेस्टोस्टेरोनवर अवलंबून असल्याचे दाखवले गेले आहे. नर आणि मादी यांचे छेद एकाच तबकात, एकाच अँटिबॉडीने, एकाच वेळी रंगवा. नराच्या त्या जागी पेशी आल्या आणि मादीत ती जागा रिकामी राहिली, तर त्या भागात तरी तुमची अँटिबॉडी व्हासोटोसिनच्या मागेच जाते, असे म्हणता येईल. मोठ्या पेशींच्या पट्ट्यात मात्र मेसोटोसिनचा तो फिकट ठिपका उत्तर मागतच राहील. तेथे अँटिबॉडी आणखी पातळ करून, मेसोटोसिन मिसळलेली आणि न मिसळलेली अशा दोन्ही छेदांतील पेशी मोजा.

तुमचे पक्षी किती आठवड्यांचे आहेत, तेवढे कळवा. पिल्लांमध्ये हा फरक प्रौढांइतका स्पष्ट नसतो, आणि वाढत्या वयाच्या मादीत काही पेशी दिसल्या तर त्याचा दोष अँटिबॉडीवर जाईल.

पिंपळपान

माद्या अंड्यावर आलेल्या आहेत. नर मात्र लहान आहेत, अजून आरवतही नाहीत. प्रौढ कोंबडे मिळवून दोन्ही छेद एकत्र लावते, आणि स्लाइडची छायाचित्रे येथेच टाकते.